चेहऱ्याचा बंदोबस्त

५ जानेवारी १८६४. अमरावती. सकाळ.
मुंबईच्या कापूस एजंटानं खुशालरावांना नव्या सालाची कोरी डायरी भेट दिली. खुशालरावांना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ती माझ्याकडे आली. आजपासून रोज लिहायचं. खोटं अजिबात लिहायचं नाही. वाचणारा मीच, मला मी कशाला फसवू.

खुशालराव म्हणजे आमचे अडत्ये. शेतकऱ्यांचा कापूस त्यांच्या ओट्यावर उतरतो आणि ते तो व्यापाऱ्यांना विकून देतात. अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर कापसाला मरण नाही. पण भाव कोणी तोंडानं बोलत नाही. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबतात, सौदा होतो. शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. आता खुशालरावांच्या बोटांत वात भरला आहे. संक्रांतीनंतर त्यांच्या जागी उपरण्याखाली हात घालायला माणूस हवा. एक मी, एक ओट्यावर माझ्यासोबत काम करणारा नत्थुजी. सध्या मी काट्यावर वजनं लिहितो.

जागा मलाच मिळणार. घरी बायकोला, मैनाला, तसं सांगून टाकलं. मिळाली, असंच सांगितलं. अचलपूरला सासऱ्यांनाही पत्र गेलं.

खोटं न बोलण्याचा नियम डायरीपुरता आहे.

६ जानेवारी. दुपार.
विचार केला. हात झाकलेला, मग समोरचा बघतो कुठे? चेहऱ्याकडे. नत्थुजीला राग आला की कान लाल होतात, आनंद झाला की नाक फुगतं. तो बाजारात बसला तर खुशालरावांचं दिवाळंच. ज्याचा चेहरा बंद त्याचा सौदा पक्का. आजपासून भावना बंद करायच्या. सायन्सच्या मार्गानं.

८ जानेवारी.
सुरुवात जनावरांपासून केली. पुंजाराम गाडीवानाच्या बैलाकडे दोन तास बघत बसलो. घाबरला की कान मागे, चिडला की नाकपुड्या मोठ्या, शेपटीचे फटकारे. काही लपवत नाही. मांजर भ्यायलं की त्याचे केस उभे राहतात. आपल्याही अंगावर काटा येतो, पण उभे राहायला केसच उरले नाहीत. म्हणजे सामान दोघांचं एकच, आपलं झिजलेलं. माणसाची शेपटी गेली, कान हलेनासे झाले, तेव्हा सगळ्या भावना बेघर होऊन चेहऱ्यावर राहायला आल्या. तिथूनही हाकलल्या की त्यांना जागाच नाही. आपोआप मरतील. हे आजवर कोणाला सुचलं नसावं.

पुंजारामनं विचारलं, बैल घ्यायचा विचार आहे का. मी म्हणालो, नाही, त्याच्या भावना बघतो आहे. त्यानं बैल दुसरीकडे नेऊन बांधला.

१० जानेवारी. सकाळ.
मुलतानी मातीचा प्रयोग. चेहऱ्यावर जाड लेप दिला, वाळू दिला. आत भावना आली की लेपाला तडा जाणार, तडे मोजायचे. मैनाला म्हणालो, मला राग आण. तिनं विचारलं, कोणत्या विषयावर. म्हणालो, तुझ्या पसंतीनं. विषय तिच्याकडे तयारच होते. तेरा तडे.

११ जानेवारी.
नऊ तडे. आज तिनं विषय पुन्हा पहिल्यापासून घेतले, तरी नऊच. प्रगती आहे.

१२ जानेवारी. संक्रांत.
तिळगुळासाठी तोंड उघडावं लागलं, लेप गळून पडला. आजचा प्रयोग रद्द. दिवसभर चेहरा न हलवता बसलो. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी मैनाला विचारलं, यांना काय झालं. तिनं दाढ दुखते म्हणून सांगितलं. एकीनं लवंग पाठवली.

१४ जानेवारी.
एक तडा. तोही शिंकेमुळे, आणि शिंक ही भावना नव्हे. चेहरा जिंकला.

उत्साहात पातळ लेपासकट बाजारात गेलो. खुशालरावांनी देवी आल्या का म्हणून चौकशी केली आणि चार हात लांब उभं राहायला सांगितलं. यापुढे लेप घरीच.

१८ जानेवारी. संध्याकाळ.
खुशालरावांनी आम्हा दोघांना समोर उभं करून कारण नसताना तासभर झापलं. परीक्षा होती. नत्थुजी आधी भांडला, मग रडला, मग खुशालरावांच्या पाया पडून हसू लागला. मी दगड. एक महिना हात घालून दाखव म्हणाले. म्हणजे जागा मिळालीच.

मला कसलाही आनंद झाला नाही. घरी येताना वाटेत एक उडी मारली, ती पाय मोकळे करायला.

२१ जानेवारी.
पहिला सौदा. खुशालरावांनी आधी कानात सांगितलं की अमुक भावाच्या खाली उतरायचं नाही, वर जेवढं चढवता येईल तेवढं चढव. समोर अकोल्याचे अब्दुल गफ्फार, पांढऱ्या दाढीचे, बाजारातले सर्वांत जुने व्यापारी. उपरणं पडलं. मी चेहऱ्याची खिडकी लावून घेतली. छातीत ढोल वाजत होता, पण छातीवर अंगरखा होता. गफ्फारमियांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटून बसले होते. घाबरले असावेत.

सौदा झटक्यात झाला. भाव खुशालराव सेठच्या खालच्या हद्दीवर बरोबर थांबला. पहिल्याच दिवशी इतका नेमकेपणा.

२५ जानेवारी.
माझं नाव झालं. व्यापारी ओट्याशी येतात आणि म्हणतात, वामनरावांचाच हात पाहिजे. अकोल्याहून दोघे मुद्दाम आले. एकानं तर आमचा कापूस आधी पाहिलासुद्धा नाही. शेजारच्या अडत्याकडे एक सौदा अर्धा दिवस चालतो, माझे बसल्याबसल्या उरकतात. नत्थुजी रिकामा बसून माश्या वारतो. मला त्याची दया आली, पण चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

सगळे सौदे खालच्या हद्दीवरच होत आहेत. योगायोग.

२७ जानेवारी.
आज तीनदा उपरणं बदललं. भलतंच ओलं होतं. ऐन थंडीत वऱ्हाडात इतकी दमट हवा मी प्रथमच पाहिली.

३० जानेवारी. संध्याकाळ.
आज खुशालराव स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले. समोर पुन्हा गफ्फारमिया. सौदा झाला, मी हात काढला. खुशालरावांनी उपरणं उचललं, दोन्ही टोकं धरली आणि पिळलं. ओट्यावर पाणी पडलं. सगळा बाजार त्या पाण्याकडे बघत होता, मीही बघत होतो.

मग त्यांनी गफ्फारमियांना विचारलं की तुम्ही नमाजी माणूस, खरं सांगा, हे काय चाललं आहे. गफ्फारमियांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. त्यांना सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"वामनराव, तुमचा चेहरा पत्थर हाय, म्हनून आमी तिकडं पायतच नाई. सेठच्या मनातला भाव जवळ आला का तुमचा हात थंडा पडते. भाव गाठला का पानी सुटते. मंग आमी थांबून जातो."

ज्या हातानं सौदा करायचा तो हात समोरच्याच्या हातात असतो. अमरावतीच्या बाजारात हे पोरासोरांनाही माहीत आहे. मला चेहऱ्याच्या गडबडीत सुचलं नाही.

खुशालराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, उद्यापासून काट्यावर. त्यांनी तिथल्या तिथे नत्थुजीचा तळवा चाचपला. कोरडा, वाळल्या गोवरीसारखा. तो आनंदानं रडू लागला आणि जागा त्याला मिळाली.

मैनाला सांगितलं नाही. दमलो म्हणालो.

१ फेब्रुवारी. दुपार.
हात धुऊन, राख चोळून, उन्हात धरून पाहिला. सेठची आठवण आली की पुन्हा ओला. कारण शोधायलाच हवं.

बाजारामागच्या चिंचेवर वानरं असतात. फुटाणे दाखवून एकाला खाली बोलावलं. तो फुटाणे घेत असताना कुत्रं भुंकलं, त्यानं दचकून माझं बोट धरलं. त्याचा तळवा ओला. मग माझ्या थोबाडीत देऊन झाडावर गेला, पण तेवढ्यात उलगडा झाला. जीव घाबरला की पळणार, पळताना फांदी धरणार, आणि जरासा ओला हात फांदीवरून सटकत नाही. वहीचं पान उलटायला आपण बोट ओलं करतो, तसंच. म्हणजे माझा हात मला वाचवण्यासाठी झटत होता. लाखो वर्षांची इमानदार नोकरी. फक्त ओट्यावर फांदी नव्हती, गफ्फारमियांची बोटं होती.

तेव्हा दोष माझा नाही. खुशालरावांना हे समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, गालाला काय झालं.

२ फेब्रुवारी. संध्याकाळ.
सासऱ्यांचं पत्र आलं. जावयाला सेठच्या गादीशेजारी बसलेलं डोळ्यांनी बघायचं आहे, परवा येतो.

मैनाला आजच सांगणं भाग होतं. वाक्य नीट बसवून घेतलं. सेठनं माझा हुन्नर ओळखून मला उपरण्याखालून काढलं आणि काट्याची संपूर्ण देखरेख माझ्याकडे सोपवली, ही बढतीच आहे. चेहरा बंद केला. एक स्नायू हलला नाही. आजवरचं सर्वांत चोख काम.

मैना ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझा हात हातात घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला. मीच विचारलं, काय झालं.

"लग्नात हात हाती देला तवाच मले समजलं होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, भटजीनं पानी जास्त सोडलं. पायलं तं भटजीचा तांब्या भरेलच होता."

म्हणजे अकरा वर्षं. मी बोललेलं प्रत्येक खोटं हिला हातानं कळत होतं आणि मी चेहरा सांभाळत होतो. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस.

"काय बोलाव? मले बी भेवच वाटून राहिलं होतं. तुमाले बी वाटते हे समजलं, अन् माहं कमी झालं."

सासऱ्यांना खरं सांगू, असं ती म्हणाली. काट्यावर बसलेला जावई काही कमी नसतो, असंही म्हणाली. मग मला रडू आलं, चांगलं मोठ्यानं, नत्थुजीसारखं. तिनं हात सोडला नाही. मधून मधून पदराला पुसून पुन्हा धरत होती.