रेषेबाहेरचा रंग

प्रिय ताई,

किटलीच्या तळाशी करडा थर बसतो, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस आणि मी फोन करून तुलाच हसलो. उगाच शंका काढायची तुझी जुनी सवय, असंही म्हणालो. तेव्हापासून मला माझीच किळस येते आहे. ऑफिसातल्या बेसिनपाशी हात धुतो, पुन्हा धुतो, पण आरशात बघवत नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्याकडे उपग्रहाची दोन चित्रं येतात. एक भरड. त्याचा एकेक चौकोन तुझ्या घर-अंगणाएवढा, पण त्यात दोनशेच्या वर छटा असतात, त्यांवरून खाली माती आहे की खाणीचा गाळ ते कळतं. दुसरं रेखीव, त्यात पायवाटही दिसते, पण काय कशाचं आहे ते कळत नाही. दोन्ही मिसळून एकच स्पष्ट चित्र करायचं. लहानपणी तू रेषा काढायचीस आणि मी रंग भरायचो, तसंच. माझा रंग बाहेर गेला की तुझी टपली ठरलेली.

तुमच्या वरच्या अंगाला खाणीच्या गाळाचं तळं आहे ना, त्याची तपासणी आमच्याकडे आली. भरड चित्र ताजं होतं. नव्या रेखीव चित्रावर ढग होते, म्हणून साहेबांनी आठ महिन्यांपूर्वीचं वापरायला लावलं. यंत्राने त्या जुन्या रेषा खऱ्या मानल्या आणि सगळा गाळ बांधाच्या आत नीट बसवून दिला. चित्र इतकं देखणं की खाणवाले खूश. मी नेमाप्रमाणे ते पुन्हा भरड करून मूळ चित्राशी ताडून पाहिलं. एकोणीस चौकोन जुळेनात, मूळ चित्रात तिथेही गाळ होता, सगळे बांधाखाली, ओढ्याच्या बाजूला. साहेबांना दाखवलं, तर चहा ढवळत ते एवढंच म्हणाले, "चित्र छान आलंय, आता चिखल कशाला उकरतोस?" आणि मी, तुझा हुशार भाऊ, मान खाली घालून 'गळती नाही' या अहवालावर सही केली. वर त्यांच्याबरोबर चहाही प्यायलो.

तुझं पत्र आलं तेव्हा त्या सहीला आठवडा झाला होता. शेण खाल्लं मी, ताई. सही करताना तुमची विहीर कुठे येते ते मी मुद्दाम पाहिलं नाही. काल पाहिलं. त्या एकोणिसांतला चौदावा चौकोन. ते पाणी पिऊ नका, भाचीला त्याने आंघोळसुद्धा घालू नकोस, आजच शेजारीपाजारी सांग. सोबत दोन्ही चित्रं आणि माझ्या सहीचा कबुलीजबाब पाठवतोय. पाणी तपासणाऱ्यांच्या हातात दे, माझं नाव लपवू नकोस. नोकरी गेली तर जाऊ दे. रंग रेषेबाहेर गेला होता, आणि या वेळी तो मीच झाकला.

तुझाच,
धाकटा