बिनदाराच्या घरचं लग्न

देवळाली प्रवरा, ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. रतनअक्कास, धाकट्या वाल्मिकचा सा. न. वि. वि.

फोन वाजला की अजून दचकतो, म्हणून पत्र. सृष्टीच्या लग्नात मामा म्हणून मला धरू नये. शिंगणापूरच्या रिवाजाने तुझ्या घराला दार नाही. मांडव घरापुढे; म्हणजे सृष्टीच्या मागे मी आणि माझ्या मागे सताड उघडं घर. कारगिलला माझे दोन सोबती पाठीमागून आलेल्या गोळ्यांनी गेले, तेव्हापासून पाठीला भिंत लागते. लष्करी डॉक्टरांनी लिहून दिलंय, हा लढाईने जडलेला मनाचा आजार आहे, भित्रेपणा नव्हे. त्या कागदाची ओळ तिसरी. फटाक्यांचं अंतर मी स्वतः मोजलंय: साडेसहाशे मीटरच्या आत वाजले की मी जमिनीवर आडवा होतो.

लोभ आहे तेवढाच असू दे. वाढवलास तर लाडू पाठवशील.

वाल्मिक

शनिशिंगणापूर, ६ फेब्रुवारी

चि. वाल्मिकला अक्काचे अनेक आशीर्वाद.

मीटर मोजनारा मामा आख्ख्या नगर जिल्ह्यात एकच! सृष्टी म्हनती, मामा न्हाई तर बोहल्यावर चढनार न्हाई. पोरगी तुझ्यावरच गेली, काय करू? फटाके बंद, व्याही व्हय म्हनाले. दार मात्र बसवता यायचं न्हाई, देवाचा रिवाज हाय. म्हनून तुझे दाजी अक्षता पडेस्तोवर उंबऱ्यात बसनार. पान्यालासुद्धा न उठनारा मानूस. त्याच्यापेक्षा घट्ट दार कुठं मिळनार?

मायेत काटकसर करू नको.

अक्का

देवळाली प्रवरा, ११ फेब्रुवारी

ती. अक्कास नमस्कार.

येतो. दाजींना पहाऱ्याचे नियम वाचून दाखव, तीनदा. पेंगू नये. येणाऱ्याचं नाव विचारावं, व्याही असले तरी. संशयित वस्तू ताब्यात घेऊन तपासावी.

वाल्मिक

शनिशिंगणापूर, २० फेब्रुवारी, दुपारी तीन

वाल्मिक, आशीर्वाद मागाहून.

दाजींनी खरंच व्याह्यांना नाव विचारलं. मग पोरांकडची चमकी उडवायची नळी जप्त केली. फटाका न्हाई, म्हनून ती कुनी ध्यानातच घेतली न्हवती. तपासावी, हा तुझाच नियम. ह्यांनी पिरगाळली! तुझ्या पाठीशीच फाडकन वाजली आन् तू सृष्टीला खाली पाडून तिच्यावर आडवा झालास. नवरदेव ओम हार धरून उभाच. लोक हसले, तू फाट्यावर निघून गेलास. अरे, ते दाजींना हसले. त्यांच्या मिशीत अजून चमकी हाय. लग्न लागलं, पन सृष्टी सासरी निघंना. मामाच्या पाया पडल्याबिगर गाडीत बसत न्हाई म्हनती. म्हनती, तो हसवायला न्हवता पडला, मला झाकायला पडला. वऱ्हाड तिसऱ्यांदा चहा पितंय. फोन तू घेत न्हाईस, म्हनून पत्र नवरदेवाच्याच हाती देते.

अक्का

फाटा, तीन वाजून पंचवीस मिनिटे

ती. अक्कास नमस्कार.

पत्र तीन बावीसला मिळालं. कागद गुडघ्यावर ठेवून लिहितोय, अक्षर चालवून घे. दोन एसट्या आल्या होत्या, चढवलं नाही. ओम पत्र देऊन शेजारी बसलाय. मुंडावळ्या डोळ्यांवर घेऊन मोटरसायकल चालवणं कोणत्याच नियमात बसत नाही, म्हणून त्याला माझ्या पाठीमागे बसायला सांगितलंय. हे उत्तर मीच घेऊन येतोय. पण आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे.

लोभाचं समोरासमोर पाहू.

वाल्मिक