राखणदाराच्या वळणावर

१२ नोव्हेंबर, बुधवार
खनिजाचा ट्रक क्र. १७. आज आठ क्लिपा, सगळ्या एकाच जागच्या: सर्वण गावापुढचं वळण, राखणदाराची (वाट राखणाऱ्या देवाची) घुमटी, म्हणजे छोटंसं देऊळ. केबिनच्या कॅमेऱ्यात ड्रायव्हर डोळे मिटतो, मान झुकवतो. सिस्टीमचा शेरा: 'डुलकी'. माझं काम, वीस सेकंदांत 'बरोबर' किंवा 'चूक' दाबणं.
मागच्या काढून पाहिल्या. एकूण तेवीस. सगळ्यांना 'बरोबर' मीच दाबलंय. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांखालचा चेहरा झाकलेला असतो, त्यामुळे... नाही. नकाशा शेजारीच असतो, घुमटीसकट.
१७ म्हणजे सदाकाका, दोडामार्गचे.

१३, गुरुवार
वजनकाट्यावर स. का. भेटले. त्यांचे गुण ५२. पन्नासच्या खाली गेले की गाडी काढून घेतात. म्हटलं, तो नमस्कार सोडा.
"सोडूक ता काय तंबाखू आसा गो?"
हसले. मग हसणं गेलं. "डोळे मिटले काय तो डबो आरडता, 'लक्ष द्या'. राखणदारासमोर! बाये, माझा लक्ष थंयच तर आसता."


१४, शुक्रवार
साहेबांना विचारलं, शेऱ्यांच्या यादीत 'नमस्कार' घालता येईल का.
"उद्या विडी घालशील, परवा चहा. तू बघायचं आणि दाबायचं."
घरी गणित केलं. ताशी ३० किमी, डोळे दीड सेकंद बंद: साडेबारा मीटर. त्या वळणावरून शाळेची मुलं चालत जातात. म्हणजे धोका खरा. 'डुलकी' खोटी. बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला झोपाळू ठरवलं, तेही तेवीस वेळा.

१७, सोमवार
१७ शुक्रवारपासून दुरुस्तीत होता, म्हणून गुण अजून ५२. स. का.ना साडेबारा मीटर सांगितले. पाय टाकत काट्यापासून तेवढं अंतर स्वतः मोजून आले.
"बरा. गाडी चालताना डोळे मिटूचंय नाय."

१८, मंगळवार
स. ९.१०. १७ वळणावर उभा. इंजिन बंद. बाहेरच्या कॅमेऱ्यात काका: उतरले, चपला काढल्या, हात जोडले. पाऊण मिनिट.
शेरा: 'विनापरवाना थांबा'. उणे तीन.
'बरोबर' दाबलं तर ४९. 'चूक' दाबलं तर खोटं; थांबले तर आहेतच.
वीस सेकंद संपली. काही दाबलं नाही. क्लिप साहेबांकडे गेली, माझ्या नावावर नवा शेरा: 'दुर्लक्ष'.
साहेबांनी अडीचला आम्हा दोघांना बोलावलंय. आता दोन वाजलेत. काका खाली काट्याजवळ गाडी पुसतायत. पुढची काच दुसऱ्यांदा.