नाताळासाठी न्हालेली घरगाडी

कुह्मो, २० डिसेंबर

ती. हिल्माताईस, आर्वीचा, पाठ वाकते तितका, नमस्कार.

कर्रर्र... कर्रर्र... ठाक्! ताई, हा आवाज आठवतो का? कडाक्याच्या थंडीत बाबा सकाळी धान्याच्या कोठाराचं दार खांद्यानं रेटायचे, तो. आपण अंथरुणात पडल्यापडल्या धक्के मोजायचो. तिनाच्या वर कधी गेले नाहीत. दाराच्या कडेला ते मेणबत्तीचं थोटूक घासायचे, हे मला आज सकाळी अकराला आठवलं. मंगळवारी आठवलं असतं तर हे पत्र दोन ओळींत आटोपलं असतं.

तुझा गुडघा कसा आहे? तुर्कूला म्हणे नुसता चिखल आहे. चिखलातल्या माणसांचा हेवा वाटावा असे दिवस आलेत. इकडे सगळं क्षेमकुशल, एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट म्हणजे घरगाडी. आमच्या चिरंजीवांनी, जोउकोनं, सप्टेंबरातच बजावलं होतं, “बाबा, एकोणऐंशी पूर्ण झाली तुम्हाला. नाताळला येईन तेव्हा गाडीचं एकूण एक दार माझ्यासमोर उघडून दाखवायचं. एक जरी अडलं ना, तर औलूचं गिऱ्हाईक तयार आहे.” मी म्हटलं, “दारंच काय, खिडक्याही मोजून घे.” (ज्या गाडीत तुझ्या भावजयीनं, आउनेनं, आणि मी एकोणीस उन्हाळे काढले, जिच्या पडद्यावर तिच्या हातून सांडलेल्या कॉफीचा डाग अजून आहे, ती औलूच्या कुणा परक्याला द्यायची? त्यानं तो पडदा पहिल्याच दिवशी बदलला असता.)

तू म्हणशील, दारं अडतातच कशी? अडू नयेत म्हणून काय करायचं ते मला तोंडपाठ आहे. बाहेरून उघडणारे सामानाचे चार कप्पे. त्यांच्या दारांच्या रबरी पट्ट्या कोरड्या पुसायच्या, वर सिलिकॉन चोळायचं, कुलपात बर्फावरच्या औषधाचे दोन थेंब सोडायचे. ऑक्टोबरात सगळं यथासांग केलं. पण मंगळवारी थंडी अचानक ओसरली, पागोळ्या गळायला लागल्या, आणि घरात नाताळची सफाई चालू होती. (एकट्या माणसाला कसली सफाई, म्हणू नकोस, आईनं आपल्याला गोठ्याची छपरीसुद्धा घासायला लावली होती.) सतरंज्या धुतल्या, सॉनातले बाक घासले, आणि मनात आलं, सगळं घर न्हालं, मग आउनेची गाडीच तेवढी पारोशी का? घातली आंघोळ. धुता धुता शाळेच्या नाताळ समारंभातली ती कविता म्हणत होतो, ‘हिमराया, अंगणी पाऊल हळू टाक’. तिसऱ्या कडव्याला अडलो. आठ वर्षांचा होतो तेव्हाही तिथंच अडलो होतो, आणि तू पडद्यामागून हसली होतीस. कडवं आठवण्याच्या नादात पट्ट्या पुसायच्या राहिल्या. रातोरात हिमराया आला, उणे सव्वीस घेऊन. पाऊल अजिबात हळू टाकलं नाही.

चारही दारं जणू वेल्डिंग केल्यासारखी. मोठ्या कप्प्यात नाताळचं हॅम आहे, डुकराची अख्खी मांडी, सात किलोची. (अंगणात फुकटची थंडी असताना फ्रीजरची वीज का जाळायची?) ते आजच बाहेर निघालं तर वितळून तेविसाच्या रात्री भट्टीत जायच्या लायकीचं होईल. कुलपाचं औषध शोधायला लागलो तेव्हा आठवलं, ते मी सुरक्षित जागी ठेवलंय. हॅमच्या शेजारी.

सॉना तापलेलाच होता. कढत पाण्याची बादली आणून मोठ्या दारावर ओतली. दार दोन मिनिटं रडलं. मग त्या आसवांचा असा बर्फ झाला की दार कुठं संपतं आणि गाडी कुठं सुरू होते ते कळेना. शेजारचा उर्पो कुंपणाशी उभा होता. वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक त्यानं तिथं खर्च केलं, “आणखी एक ओत, आर्वी, मे महिन्यापर्यंत चोरीची भीती नको.” मग मेणबत्तीचं थोटूक घासलं. बाबा ते थंडीच्या आधी घासायचे, हे घासून झाल्यावर आठवलं.

बाकी मी मजेत आहे. उर्पो दुपारच्या बसनं तुर्कूला मुलीकडे निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती देतो.

तुझा धाकटा,
आर्वी

ता. क. जोउकोचा फोन आला तर गाडी चकचकीत दिसते एवढंच सांग. ते खोटं नाही.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण असं : सात किलोचं ताजं हॅम उद्याच्या उद्या बसच्या पार्सलनं पाठव. लाल दोरी बांध, माझ्या हॅमला तीच आहे. कप्प्यातून काढलं म्हणून सांगेन. तो दारं बघायला निघालाच तर मी कविता सुरू करीन. पहिल्या कडव्यातच तो घरात पळतो.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच दारावर थाप. जोउको! तीन दिवस आधीच! “दारांचं काय आहे ना...” असं मीच सुरू केलं. “दारं राहू देत हो, बाबा,” तो म्हणाला. कान लाल, मान खाली. नाताळला मळकी गाडी कशी आणायची म्हणून स्वारीनं वाटेत कायानीला आपली गाडी धुऊन घेतली, आणि आता डिकी उघडत नाही. पोरांच्या सगळ्या भेटी आत. “तुमचं ते कुलपाचं औषध द्या ना. कुठं ठेवलंय?”

मी म्हटलं, “सुरक्षित जागी आहे. चल, दाखवतो. आणि औलूच्या त्या गिऱ्हाइकाला विचारून ठेव, तुझी गाडीही घेईल का.”