इंजिनातलं लाल तेल

मंगळवार, २४ सप्टेंबर १९५७. धुळे

लागलं! पंख्याला झटके देऊन देऊन बोटाचं नख काळं पडलं, पण शेवटी लागलं. एवढंसं मुठीत मावणारं इंजिन — आवाज मात्र पांझरेच्या पुलापर्यंत गेला असेल. शेजारचा लेथवाला गिरधर टाळ्या वाजवत शेडभर फिरला. मी फिरलो नाही. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात निम्मा जन्म गेला माझा. आज लागलेलं इंजिन उद्या लागेलच असं मी कधी मानत नाही.

विलायती मासिकातलं चित्र बघून आम्ही दोघांनी ते केलं. ओतकाम नि जुळणी माझी. पिस्टन आणि सिलिंडर गिरधरने आपल्या लेथवर काढलं. दिवाळीनंतर जळगावला यंत्रांचं प्रदर्शन आहे, तिथे या इंजिनावर आमचं हातभर लांबीचं विमान दोरीला बांधून गोल फिरवायचं. तोवर ते लोणच्यासारखं मुरवायचं — बाकावर स्क्रूने आवळून थोडं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, परत चालवायचं. तेल सढळ हाताने. घाई केली की पिस्टन घासला. आणि असा पिस्टन या गावात फक्त गिरधरच्या हातून निघतो, तोही बरेच वाया गेल्यावर एखादा.

आबा दारातून डोकावले. "हाई तं पोरेस्नं खेळनं शे," म्हणाले आणि गेले. गावची शेती भावाकडे सोपवून त्यांना देवपुरात आणल्यापासून आम्हा बापलेकांचं बोलणं एवढंच!

गुरुवार, २६ सप्टेंबर

ईथर कमी झालंय. बाटलीवर मी पेन्सिलीने रेघ मारली होती, आज पातळी रेघेच्या खाली आहे. इंधनात रॉकेल आणि एरंडेल घालायचं ते बाजारात कुठेही मिळतं, पण ईथर दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या हातापाया पडून आणलेलं. शेडची किल्ली कुठे टांगलेली असते हे घराबाहेर फक्त गिरधरलाच माहीत. त्याला विचारलं.

"मी पिसू का ते?" म्हणे.

त्याने हसण्यावारी नेलं. दारूबंदीत लोक काय काय पितात, मला ठाऊक आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर

बूच सैल होतं. ईथर उडून जात होतं. वरून मेण लावलं.

गिरधर हसला. जरा जास्तच हसला.

सोमवार, ३० सप्टेंबर

इंजिन छान मुरतंय. धुराड्यातून येणारं तेल पहिल्या दिवशी शाईसारखं काळं होतं, आता चहासारखं येतंय. म्हणजे धातूची झीज थांबत आली. अजून थोडे दिवस, मग मिश्रण जरा पातळ करून पूर्ण वेगात सोडता येईल. मनात आनंद मावत नाही, आणि तो दाखवायला घरात कोणी नाही. मंदा नवरात्रासाठी भडगावला माहेरी गेली आहे.

त्यात चहावाल्या लोटनने एक किडा सोडून दिला. "गिरधरभाऊ परवा स्टँडवर जळगावच्या एका कारखान्यावाल्याबरोबर होते. बराच वेळ बोलणं चाललं होतं." गिरधर मला काहीच बोलला नाही. मी आडून विचारलं, तर म्हणाला, "ओळखीना मानूस शे. सहज भेटना."

सहज! स्टँडवर माणूस सहज भेटतो, मान्य. पण सहज भेटलेल्या माणसाबद्दल कोणी लपवत नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

नरडाण्याला निघतोय. तिथल्या कापसाच्या जिनिंगचं इंजिन बंद पडलंय, मुक्काम करावा लागेल. गिरधर आज येणार नाही, त्याच्या लेथची पूजा आहे. आमच्या इंजिनाला चिंधी गुंडाळून सुतळीची गाठ मारली. माझी गाठ मी ओळखतो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. दसरा

सकाळच्या गाडीने परत आलो. आंघोळीआधी शेडमध्ये गेलो.

गाठ माझी नव्हती.

आबांना विचारलं, "मी नसताना शेडमध्ये कोण आलं होतं?"

आबा म्हणाले, "दुसरं कोन येस? गिरधर ऊना व्हता पहाटे. सोनं दिधं, तुनी वाट दखी, गया."

"शेडमध्ये गेला होता का?"

"गया व्हई. मी काय त्याना मांगे फिरू?"

घरात चौरंगावर गिरधरने ठेवलेली आपट्याची पानं. दुपारी पानं द्यायला त्याच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही. अंगात कसर आहे असं सांगून पाठवलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सकाळी गिरधर नेहमीसारखा शेडमध्ये आला.

इंजिन लावलं. लागलं. थोड्या वेळाने धुराड्यातून येणाऱ्या तेलात लाली दिसली. मला वाटलं उन्हाचा भास. बोट लावून कागदावर पुसलं — लाल! इंधन तोडायला हात नेतो तोवर चर्र आवाज झाला, वेग पडला आणि इंजिन थांबलं. थंड झाल्यावर पंखा फिरवून पाहिला. ढिला लागतो. दाब म्हणून राहिलेला नाही. सुनं सुनं फिरतं बिचारं.

गिरधर समोरच होता. म्हणाला, "उघडी पाहू." मी म्हटलं, आज नको. उघडताना तो जवळ नको होता मला.

रविवार, ६ ऑक्टोबर

एकट्याने उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे. आत तेलात मिसळलेला लाल चिखल, कोपऱ्याकोपऱ्यात बसलेला. ही काही इंजिनाची झीज नव्हे. ही बाहेरून, इंजिन हवा ओढतं त्या तोंडातून आत गेलेली पूड.

गिरधरच्या लेथशेजारी फळीवर एक डबा असतो. पॉलिशची लाल पूड. लोखंडाला आरसा करते ती. चालत्या इंजिनात पडली तर काय करेल, हे त्याला माझ्याइतकंच कळतं.

आता सगळं जुळतं. जळगावचा कारखानदार. माझी पाठ वळल्यावर शेडमध्ये येणं. हे इंजिन मेलं की प्रदर्शनात माझं नाव नाही. मग तिथे त्या माणसासाठी नवीन काढायला गिरधर मोकळा. भाऊ-भाऊ म्हणत घरात वावरायचं आणि हे!

आज पेपरात रशियाने आकाशात चंद्र सोडल्याची बातमी. लोटन मला हाक मारून म्हणाला, "शालिग्रामभाऊ, त्यास्नं उडनं. तुमनं कधी?" मी चहा अर्धा टाकून आलो.

सोमवार, ७ ऑक्टोबर

बोललो. सगळं बोललो, त्याच्याच लेथसमोर उभा राहून. तो लाल चिखल कागदात नेला होता, त्याच्या पुढ्यात ठेवला. फळीवरचा डबा दाखवला. स्टँडवरचा माणूस काढला. ईथरचंही काढलं — ते काढायला नको होतं, पण तोंड सुटलं की माझं सुटतं.

गिरधरने लेथ बंद केला. पट्टा थांबू दिला. मग म्हणाला, "तो पिस्टन मना हातना शे, भाऊ. मनं काम मीच बिघाडसू का?"

मी म्हटलं, तूच सांग.

त्या माणसाचं विचारलं तेव्हा म्हणाला, "प्रदर्शनमा आपलाले मधली जागा मिळो म्हनीसन मी त्याले धरी बठेल व्हतू. ठरनं म्हंजे तुले सांगसू, आसं मनमा व्हतं."

ऐनवेळी सुचलेलं उत्तर. मी मान्य केलं नाही. त्याने तो कागद उचलला, नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. "आते तू मनाकडे येऊ नको," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

माझंच बरोबर आहे. खरा असता तर भांडला असता.

गुरुवार, १० ऑक्टोबर

लोटन म्हणाला, गिरधर वळकटी घेऊन जळगावच्या एस.टी.त बसला. लेथला कुलूप. घरच्यांना सांगून गेला की तिकडेच काम बघतो.

घ्या! अजून काय पुरावा हवा? मंदाला भडगावहून आल्या आल्या सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गिरधरभाऊजी? नाही हो." बायकांना माणसं लवकर भोळी वाटतात. जेवलो मात्र नाही. वीस वर्षांचा शेजार आहे, तोंडाला चवच येत नव्हती.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज आबा आपणहून शेडमध्ये आले. बाकावर सुटे भाग पाहून विचारलं, "हाई कसाले खोली टाकं?" बिघडलं, म्हटलं. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "मी तं खांडेनवमीले पुजं व्हतं त्याले. घरनं बठ्ठं अवजार पुजनं, मंग हाई एकलंच उपाशी ठेवू का? वरथून कुकू लायं का तू बोंब मारस, मांगला साल मारेल व्हती. म्हनीसन त्याना तोंडमा टाकं चिमटीभर. गाठ परत बांधी दिन्ही."

मी विचारलं होतं, कोण आलं होतं. आबा काही आले नव्हते. ते घरातच होते.

ज्याला खेळणं म्हणत होते, ते त्यांनी नांगर-कोयत्याच्या रांगेत बसवलं. मी त्यांना म्हणालो, "चांगलं केलं, आबा." ते खूश होऊन गेले. उद्या पहिल्या एस.टी.ने जळगावला जातोय. गिरधर दार उघडेल का, ठाऊक नाही.