मेंढरं बसतात का ते बघ

पुणे, ता. २ जुलै २०२५

ती. भिमाआत्यास,
रोहिणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आत्या, फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. तुझा पप्पूदादा फोन स्पीकरवर टाकतो आणि सगळी आळी कान लावून बसते. म्हणून हे पत्र. याचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवतेय, तो कळंबच्या दुकानातून छापून आणेल. तूही तसंच लिहून दे. चौथीच शिकलेय म्हणून लाजू नकोस, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

इंग्लंडचा व्हिसा आला. एम. एस्सी.साठी सप्टेंबरात शेफिल्डला जायचं. आता अडलंय ते राहायच्या जागेवर. एक आहे कॉलेजचं वसतिगृह. सहा मुली, एक स्वयंपाकघर, दाराला किल्लीऐवजी कार्ड. दुसरी जागा गावाबाहेर टेकडीखाली, मार्गारेट नावाच्या एकट्या बाईच्या घरातली वरची खोली. तिच्या खिडकीतून कुरण दिसतं आणि, हसू नकोस, कुरणात मेंढरं! वीस तारखेपर्यंत कळवायचंय.

आई म्हणाली, आत्याला विचार, तिला जागा कळते. आणि लगेच बाबांवर आलीच, की त्या माणसानं बहिणीचं ऐकलं असतं तर आज असता. अकरा वर्षं झाली तरी तिचा राग गेलेला नाही. खरं सांगू, माझाही नाही.

दोन्ही खोल्यांचे फोटो जोडलेत, नीट बघ. माझ्यावर जीव आहे तो असाच असू दे.

तुझी,
रोहिणी


बोरी बुद्रुक, ता. ८ जुलै २०२५
।। बिरोबा प्रसन्न ।।

चि. रोहिणीस,
भिमाआत्याचा लई लई आशीर्वाद.

तुजं पत्र पावलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा आमच्या ह्यांना, तुज्या मामांना, वाचून दाखवलं. त्यांचा गुडगा दुखतोय, पन तू इमानात बसनार म्हनल्यावर गुडगा इसरून गावभर सांगत फिरत्यात.

फोटू बगितले. वसतिगृह म्हंजे कोंबड्यांचं खुराडं. सहा पोरी आन येक चूल, भांडनं लागाया कितीसा येळ? पन जागा बगायची तर भिंती बगू नको बाई. वारा कुठनं येतो, पानी कुठं साचतं, आन आदी तिथं कोन राहिलं नि का गेलं, ते इचार. आन मेंढरं हायती म्हनतीस, तर सांजच्याला ती बसतात का ते बग. नव्या जागी गेलं की आमी आदी कळप मोकळा सोडायचो. मेंढरं बसून रवंथ कराया लागली, की मंगच कळपाभवतीच्या जाळीची पयली मेख भंडारा लावून ठोकायची. उबी राहिली तर कितीबी दमल्यालं आसू, उठायचं नि फुडं चालायचं. तुज्या फोटूत येकबी मेंढरू बसल्यालं न्हाई. दुपारचा फोटू आसंल, मी काय बोलत न्हाई.

आपल्या मेंढरांचं तुला ठावंच हाये. अजून तसंच. सांज झाली की समदी उबी राहत्यात, घोडेगावच्या अंगाला तोंड करून. मी बसा म्हनल्याबिगर बसत न्हाईत. गुरांचा डॉक्टर बगून गेला, काय रोग न्हाई म्हनला.

येळेवर जेवत जा. आत्याची सय ठेव.

तुजी,
भिमाआत्या


पुणे, ता. १३ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या नादानं मी त्या मार्गारेटबाईंना लिहिलं, की तुमची मेंढरं संध्याकाळी बसतात का? त्यांना वाटलं असेल, ही भारतातून कुठलं येडं येतंय! पण बाई भली. तिनं खिडकीतून व्हिडिओ काढून पाठवला. आत्या, उन्हं कलली होती आणि उतारभर मेंढरं पसरून बसली होती, जबडे हलवत. आधीची मुलगीही शिकून नोकरीला लागली, लग्न केलं, आणि अजून नाताळला बाईंना केक पाठवते. मग काय, खोली पक्की करून टाकली.

पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. बाबांना हे सगळं माहीत होतं. पप्पूदादा तेव्हा तुमच्याबरोबर होता. तो म्हणतो, त्या संध्याकाळी मेंढरं उभीच होती. मग बाबांनी जाळी का लावली? आई म्हणते, हट्टी होता. एवढा हट्टी, की बारा वर्षांची पोर घरी आहे हे विसरावं? जायच्या आधी मला हे तुझ्याकडून ऐकायचंय. उत्तराची वाट बघतेय.

रोहिणी


बोरी बुद्रुक, ता. २२ जुलै २०२५

चि. रोहिणीस आशीर्वाद.

चार कागद फाडले. ह्यो पाचवा.

त्या दिशी जागा तुज्या बापानं, हनमानं निवडली न्हाई. म्या निवडली.

कार्तिक व्हता. कोकनात उतरायचं व्हतं. घोडेगावच्या वर येका खोलगटीत पोचलो, तर मेंढरं काय केल्या बसंनात. तुजा बाप म्हनला, आक्का, अजून मैलभर फुडं जाऊ. माजे पाय सुजून भोपळा झालं व्हतं. म्या वसकन अंगावर गेले त्याच्या, की तुला भनीची दयामाया हाये का न्हाई. माजा शबुद त्यानं कदी खाली पडू दिला न्हाई. गुमान भंडारा लावला नि पयली मेख ठोकली. पहाटं जाळी सोडाया वाकला, तर सापानं हात धरला. खांद्यावर टाकून पळालो, पन घोडेगाव दिसायच्या आदीच संपला.

तुजी आई निर्मला आली ती उर बडवत इचारत व्हती, जागा कुनी निवडली म्हनून. म्या तोंड उगडलं आन त्याचं नाव भाईर पडलं. वाटलं, मेल्या मानसाला काय लागतंय? लागतंय पोरी.

आन दुसरं. ज्यानं पयली मेख ठोकली त्यानंच उठताना ती उपटायची आसती, मंग जागा मानसाला सोडती. त्या गडबडीत जाळी गुंडाळली, आन त्याची मेख तिथंच राहिली. तवापासनं मेंढरं सांजच्याला उबी राहत्यात. वारा फिरला की मला त्याची हाळी ऐकू येती, कळप वळवायची. त्या खोलगटीत परत जायाची माजी छाती झाली न्हाई.

हे वाचून तू मला आत्या म्हनू नको, मी रागावनार न्हाई.

भिमा


शेफिल्ड, ता. २४ सप्टेंबर २०२५

ती. भिमाआत्यास,
शि. सा. नमस्कार.

दोन महिने मी तुला एक ओळ लिहिली नाही. निघताना पाया पडले तीसुद्धा न बोलता. राग होता, अजून थोडा आहे. पण तुला आत्या नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?

तुला न सांगता एक केलं. निघायच्या आदल्या दिवशी पप्पूदादाला घेऊन त्या खोलगटीत गेले. मेख होती. बाभळीची, डोक्यावर बाबांच्या कोयत्याच्या तीन खुणा. अकरा पावसाळे गेले, पण वाळवीसुद्धा लागलेली नाही. दादानं जोर लावला तर हलेना. मी हात घातला आणि ती आली, लोण्यातून यावी तशी. कपड्यांत गुंडाळून इथे घेऊन आले. आता खिडकीत ठेवलीय.

आत्या, मी चुकले का? पहिल्या संध्याकाळपासून कुरणातली सगळी मेंढरं टेकडी उतरून कुंपणाच्या भिंतीपाशी येतात आणि उभी राहतात, माझ्या खिडकीकडे तोंड करून. मार्गारेटबाई म्हणाल्या, चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही. खोलीत ओल्या घोंगडीचा वास येतो. माझ्याकडे घोंगडी नाही. काल खाली कुरणात कुणीतरी हाळी दिली. मी खिडकी उघडली तर माणूस नव्हतं, पण मेंढरांनी कान टवकारले होते. मला भीती वाटली, आणि खिडकी लावावीशीही वाटली नाही.

वसतिगृहात एक खोली रिकामी झालीय. दहा तारखेपर्यंत जाता येईल. जाऊ का? तू सांगशील ते करीन.

तुझीच,
रोहिणी


बोरी बुद्रुक, ता. ४ ऑक्टोबर २०२५
।। बिरोबा प्रसन्न ।।

चि. रोहिणीस,
आत्याचा पोटभरून आशीर्वाद.

तुजं पत्र छातीशी धरून बसले व्हते. पप्पूनं मला मेखंचं सांगितलं नव्हतं, म्हनून मला उमजंना, की हे झालं काय. पोरी, ज्या दिशी तू गेलीस, त्या दिसापासनं आपली मेंढरं बसत्यात. उन कललं की खाली बसून रवंथ. मला बसा म्हनावं लागत न्हाई. हाळी ऐकू येत न्हाई. आंगन लई सुनं झालंय.

त्यो तुज्यासंगं आलाय. तुला भ्या दावाया न्हाई, कळप राखाया आलाय. मेल्यावरबी कामाला लागल्याला मानूस त्यो.

तुज्या आईला समदं सांगितलं. तुज्या मामांच्या म्होरं सांगितलं. ती उठली, पेटीतनं त्याची घोंगडी काढली आन उनात घातली. अकरा वर्सांत पयल्यांदा. माज्याशी अजून बोलत न्हाई. तिचं बरोबरच हाये.

आता तू येक कर. सांजच्याला खिडकी उगड, मेख हातात घे आन त्याला सांग, की जागा आक्कानं निवडली व्हती आन तिनं ते निर्मलाला सांगितलंय. सांग, की ही जागा तुज्या लेकीनं निवडलीय, नीट बगून, इचारून. मंग म्हन, बाबा, आता बसा.

तुज्यासाठी तीळतीळ जीव तुटनारी,
आत्या, आन त्याची आक्का

ता. क. खोली सोडू नको. मेंढरं बसली की दोन वळी लिही. तवर मीबी उबी हाये.