ओरडायचा पगार

नंदाखाल, वसई
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय एडवर्ड,

तुझं बहारीनहून आलेलं पत्र मिळालं. प्लासिड जाऊन महिना झाला, त्याच्या मिस्साला चर्च भरलं होतं. तू आला नाहीस म्हणून कुणी काही बोललं नाही. सुट्टी मिळत नाही हे सगळ्यांना कळतं. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, की डिसेंबरात तुझा करार संपतो, तर प्लासिडच्या सेठकडे त्याच्या जागी लागलास तर मिळकत किती आणि पुढं काय. सेठही मिस्साला आले होते. त्यांनी आपणहून तुझं नाव काढलं, आणि दिवाळीपर्यंत होकार कळवा, जागा ठेवतो म्हणाले.

मला ठाऊक आहे तेवढं लिहिते. शेवटी प्लासिडला पगार अकराशे होता, दिवाळीला बोनस वेगळा. सेठ शेअर दलाल आणि हा त्यांचा कारकून. बाजाराच्या रिंगणात उभं राहून सेठच्या गिऱ्हाइकांसाठी ओरडून भाव पुकारायचा. घ्यायचं असेल तर हाताचा तळवा आपल्याकडे, विकायचं असेल तर समोरच्याकडे. एकदा गर्दीत हात उलटा फिरला, त्या वर्षीचा बोनस त्यातच गेला. स्वतः दलाल व्हायचं तर बाजाराचं कार्ड, म्हणजे सभासदत्व लागतं. ती कार्डं बापाकडून मुलाकडे जातात, आपल्याला कोण देणार? त्याच्या शेजारी उभा राहणारा नरहरी नोकरी सोडून स्वतःसाठी शेअर घेऊ-विकू लागला. गेल्या वर्षीच्या तेजीत त्यानं मनवेलपाड्याला ब्लॉक घेतला, पेढे घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, वहिनी, याला समजवा, किती दिवस दुसऱ्याचे भाव ओरडणार? यंदा भाव पडले, ब्लॉक गेला. आता तो बायकोमुलांसह सासऱ्याकडे राहतो.

गावात प्लासिडची थट्टा व्हायची. सालोमीमावशी म्हणायची, पॉलिनच्या नवऱ्याला ओरडायचा पगार मिळतो, आमचे फुकट ओरडतात. सणाला मिस्सानंतर केळ्यांच्या घडांचा लिलाव त्याच्याकडेच असायचा. एका घडासाठी दोन व्याह्यांना भिडवून द्यायचा आणि सगळा मांडव हसायचा. तू त्याला तिथंच पाहिलंस. घरातला प्लासिड तुला ठाऊक नाही. संध्याकाळी त्याचा घसा पार बसलेला असायचा. मी मिठाचं गरम पाणी करून ठेवायचे. जेवताना भात हवा असला की तो तळवा स्वतःकडे वळवायचा. रोझरीची प्रार्थना मी म्हणायचे, तो नुसते ओठ हलवायचा. रविवारी आवाज परत यायचा, तेव्हा आम्ही बोलायचो. पैसे कमी पडले असं मी म्हणणार नाही. पण घरात माणूस असून बोलणं रविवारपुरतं, हे त्या कामात धरून चालावं लागतं.

आता रविवार फार कठीण जातो. विहिरीवरचा पंप बंद केला की वाडीत काही ऐकू येत नाही. म्हणून मी तो उगाच चालू ठेवते. परवा शेजारची मेरी ओरडली, अगं पॉलिन, केळी बुडवतेस की काय, लक्ष कुठंय तुझं? मी म्हटलं, डोळा लागला होता.

एडवर्ड, सेठ म्हणाले होते, एडवर्डला चांगलं लिहा, तेजी परत येईल. तसं लिहिलं असतं तर तू आला असतास, हे मला माहीत आहे. या घरात राहिला असतास, संध्याकाळी जेवायला असतास. दोन दिवस मी तसंच लिहायचं ठरवत होते. काल विरारला गेले आणि सेठना फोन करून सांगितलं, की जागा दुसऱ्याला द्या, एडवर्ड येणार नाही. तुला न विचारता सांगितलं. रागाव हवं तर. तिकडे करार वाढवून मिळत असेल तर वाढव, माझी काळजी करू नकोस. नाहीतर इकडे ये, वाडी आहे, पुढचं पुढं पाहू. आता इथं तुझ्यासाठी नोकरी नाही. आलास तर माझ्यासाठी आलास, एवढं मला कळेल.

तुझीच बहीण,
पॉलिन